एका घराचे दोन पत्ते

हॅलो?… हॅलो, कोण, ताई?… अगं बोल ना. हो, मीच उचलला. दुसरं कोण उचलणार इथं, मांजर?…

हो, बसलोय. जमिनीवर बसलोय, भिंतीला टेकून… त्याच, दादाच्या नि माझ्या मधल्या भिंतीला. बाकीच्या भिंतींना कपाटं लागलीत, टेकायला हीच एक मोकळी आहे. रिसीव्हरची वायर ताणून ताणून इथवर आणलीय, तेव्हा मी फार मान हलवणार नाही…

दादा लागला का दुसऱ्या फोनवर?… लागला? म्हणजे उजव्या कानाला तो आणि डाव्या कानाला मी. बरं… नाही गं, हसत नाहीये. भाऊजींचा फोन तू घेतलास, आता भाऊजी काय करणार, एवढाच विचार आला… झोपलेत? सुखी माणूस.

कसलं टपटप?… हां, ते होय. नळ आहे, स्वयंपाकघरातला. गळतो… सांगितलंय ना प्लंबरला. 'उद्या येतो' म्हणाला… कधी म्हणाला ते विचारू नकोस. प्लंबरचं 'उद्या' आहे ते, कॅलेंडरातलं नव्हे… अगं मला येतो दुरुस्त करता, माहीत आहे मला. पाना आहे, वायसरही आणून ठेवलाय. होत नाही इतकंच. गुडघे वाकत नाहीत… मग आत्ता जमिनीवर कसा बसलो? बसताना गुडघ्यांना विचारलं नाही. उठताना ते मला विचारतील. ताई, नळाचं सोड. आज नळाचा विषय नको. एका नळापायी… जाऊ दे. कामाचं बोल.

हो, हो, सगळं पाठ आहे. उद्या सकाळी ट्रक येणार. दादा त्याच्या लेकीकडे जाणार, कायमचा. आणि त्याचा तो म्हातारा कम्प्युटर ट्रकातल्या पहिल्याच खड्ड्यात राम म्हणणार. म्हणजे त्यानं घरात टिपून ठेवलेले सगळे आवाज आज माझ्या कम्प्युटरवर आले तर आले, नाहीतर भंगारवाला आहेच… 

काय म्हणाला तो?… नाही, ऐकलं मी. भिंतीतून ऐकलं. पण तू सांग… असं नाही, तू सांगितल्याशिवाय ऐकलं असं मी धरत नाही. पोस्टमनच्या हातात पोस्टकार्ड उघडंच असतं, तो ते वाचत नाही. मी जन्मात कुणाचं वाचलं नाही. पाठ व्हायची, ती गोष्ट वेगळी… हां. 'आवाज घरचे आहेत, घरात राहू देत.' असं म्हणाला. बरं. आता अधिकृतपणे कळलं मला.

आणि पुतणीला सांग, बाबा एकटे राहतात, एकटे राहतात असं सगळीकडे सांगत फिरू नकोस म्हणावं. एकटा कसला? मी आहे ना पलीकडे… बोलत नसेन. पण असतो ना?… हो, दमा आहे, माहीत आहे मला. कुठल्या वेळी खोकला वाढतो तेही माहीत आहे. डॉक्टरलासुद्धा माहीत नसेल एवढं… त्यात कसलं प्रेम? प्लायवूड आहे पातळ. आयुष्यभर रेडिओ केंद्रात आवाजाचं काम केलेला माणूस, भिंत घालायची वेळ आली तेव्हा सुताराला म्हणतो, सगळ्यात पातळ प्लाय लाव. कंजूष.

बरं, वायर. वायर आलीय. निळी. मांजराच्या भोकातून आली… अगं, सुतारानं खाली वीतभर भोक ठेवलं नव्हतं का? माणसांची वाटणी झाली, मांजराची करता आली नाही. दोन्हीकडे जेवतं. माझ्याकडे त्याला साहेब म्हणतात, पलीकडे राणी. नावाचं काय घेऊन बसलीस, नर की मादी यावरही आमचं एकमत नाही… बघितलंय ना! मी बघितलंय. त्यानंही बघितलंय. म्हणून तर मतभेद आहेत.

हो, पेटीच्या मागे… सापडली खाच. लावली. 'टक' वाजलं… दिवा? नाही लागला. थांब, वायर हलतेय. ताई, वायर परत चाललीय! सांग त्याला, ओढू नको म्हणावं!… तो ओढत नाहीये? मग कोण… साहेब! सोड! सोड ती!… पलीकडून तो 'राणी, सोड' म्हणतोय. दोन दिशांनी दोन नावं, त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?… सोडली. आता बसलंय मधोमध. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. तुझ्यासारखंच.

लागला! हिरवा लागला. डोळे मिचकावतोय… त्याचाही लागला? बरं झालं. निदान कुणीतरी कुणाला तरी डोळा मारला या घरात.

आता पडद्यावर… थांब, चष्मा… काय लिहिलंय? 'अनोळखी नेटवर्क'… चुकलं कुठं? काही चुकलं नाही. यंत्रानं बरोबर ओळखलं.

पत्ता द्यायचा? कम्प्युटरला पत्ता द्यायचा?… ताई, आता तू माझ्या गल्लीत आलीस. हयात गेली माझी पत्त्यांत. सांग… एकशे ब्याण्णव. टिंब… हो… टिंब… आणि शेवटी एक. टाकला… आता त्याचा? काय? दूध उतू जातंय? जा, जा, आधी गॅस बंद कर. दोन्ही फोन ठेवू नकोस, नुसते बाजूला ठेव. मी इकडचं बघतो…

…

आलीस? गेलं ना उतू?… जाणारच. मी इकडे वेळ फुकट घालवला नाही. दादालाही पत्ता दिला… बोललो कशाला? चिठ्ठी सरकवली भोकातून. त्यानं घेतली, वाचली, एकदा 'हं' म्हणाला, आणि ठोकला कम्प्युटरवर. आता काय करायचं?… अं? थांब, इथं लाल त्रिकोण आलाय. उद्गारचिन्हासकट. 'हा पत्ता आधीच वापरात आहे' असं म्हणतोय… मग असणारच वापरात!… कुठला पत्ता दिला म्हणजे? हाच दिला. दुसरा कुठला देणार?… अगं ताई, एकाच घरात राहतो आम्ही!

नाही, नाही, तू मला पत्त्यांचं शिकवू नकोस. एका घराला एक पत्ता. आत दहा जण राहोत, भांडोत, भिंती घालोत, छतावर जाऊन बसोत. पोस्टमन दारापर्यंत येतो. दाराच्या आत तुम्ही कोण कुणाचे, ते तुमचं तुम्ही… कम्प्युटरचं वेगळं असतं? का वेगळं असतं? कुणी ठरवलं?… 

तुला सांगतो, भिंत झाली तेव्हा नगरपालिकेचा माणूस आला होता. म्हणाला, आता दोन घरं झाली, क्रमांकाला 'अ' आणि 'ब' लावून घ्या. मी चहा पाजून परत पाठवला त्याला… हो, मीच. दादा घरी नव्हता… का म्हणजे? पत्रं चुकतात अशानं… पत्रं हल्ली येतच नाहीत, मान्य. पण आली असती तर चुकली असती.

'डोकं फिरलंय का' हे कुठल्या कानाला म्हणालीस? मला की त्याला?… दोन्हीकडे? बरं. मग अर्धंच फिरलंय माझं.

तो हसतोय… नाही, हसतोय. मला ओळखू येतं. हसतो तेव्हा आधी खोकतो… काय म्हणाला? 'पोस्ट्याला वाटतं सगळं जग म्हणजे टपाल खातं.' पोस्ट्या म्हणाला? तो म्हणाला की तू तुझ्या पदरचं घातलंस?… नाही, राग नाही. पुष्कळ दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून विचारलं.

ठीक आहे. शेवटचा आकडा वेगळा ठेवायचा. मग त्याला दे दोन, मी एक आहेच… तो मोठा आहे, कबूल. पण एक मी आधी टाकलाय… ताई, जन्मल्यापासून दोनच आहे मी. शर्ट त्याला आखूड झाला की मला. सायकलची घंटा गेली की सायकल मला. शाळेत मास्तर मला त्याच्या नावानं हाक मारायचे. ह्या भिंतीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या घरात एक नंबर झालो होतो… एकटाच होतो म्हणून एक नंबर, हो, ते बरोबर आहे तुझं. बोचरं आहे, पण बरोबर आहे… काढला. एक काढला. दोन टाकला. झालं समाधान?

गेला. लाल त्रिकोण गेला… अगं, दिसला! त्याचा कम्प्युटर दिसला मला! छोटंसं चित्र आलंय, निळं. हे इतका वेळ इथंच होतं?… भिंतीच्या पलीकडेच, हो.

चित्रावर दोनदा क्लिक. केलं… आत सोडत नाही. 'परवानगी नाही' म्हणतंय… परवानगी त्यानं द्यायची? द्यायला सांग… कुणाला द्यायची असं विचारतंय का त्याला? 'सर्वांना' असं लिहिलंय ना, त्यावर करू दे… नको म्हणतो? का?… ऐकलं. 'सर्वांना कशाला? एकट्या धाकट्याला दे.' बरं. तसं करू दे मग. मला काय, कसंही चालेल. 

पासवर्ड. आता पासवर्ड मागतंय… सांगितला त्यानं तुला? कानात? ताई, रेडिओचा माणूस आहे तो, कुजबुजला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातं. पण तू सांग… 'शांतता'? इंग्रजी अक्षरांत? एवढी वर्षं त्या स्टुडिओच्या दारावरची लाल पाटी बघितली, तीच डोक्यात बसली… टाकला. शां… त… ता… नाही चालला… 'टी'च्या पुढे 'एच' लावायचा? लावला… नाही चालला. तो म्हणतोय एकच 'एच'. मी दोन्ही 'त'ना लावला होता. शांततेचं इतकं अवघड स्पेलिंग ठेवलं तर कशी यायची ती घरात?… उघडलं!

उघडलं ताई. एक फोल्डर आहे. 'घर'… हो, एवढंच नाव. पकडून ओढू माझ्याकडे? ओढतो… सोडलं. चाललं! हिरवी पट्टी सरकतेय. वेळ दाखवतंय. काही तास म्हणे… नाही, आता तीन दिवस… नाही, परत तास. सरकारी हापिसात काम केलेलं दिसतं ह्यानं.

बसूया आता. दूध सांडलं ते पुसलंस का?… कान दुखतोय? बाजू बदल ना. म्हणजे मी उजव्या कानाला जाईन. तेवढीच बढती.

दमलो गं… नाही, अंगानं नाही. अंगाचं काय, एवढ्या पायऱ्या चढलो आयुष्यात. हे आतून दमणं वेगळं. सकाळी चहा ठेवतो. पलीकडेही भांडं वाजतं, म्हणजे तोही ठेवतो. दोघांचा चहा एकाच वेळी उकळतो. एक पातेलं पुरलं असतं… मला नको सांगूस. त्यानं बंद केलं बोलणं, त्यानं सुरू करावं. मी काय गुन्हा केला होता? माणूस सकाळी उठतो, नळ गळताना दिसतो, पाना घेतो, दुरुस्त करतो. जगात कुठंही याला चांगलं काम म्हणतात. आमच्या घरात याची भिंत झाली… 

हो, रेकॉर्डिंग चाललं होतं, मान्य! पण मला कसं कळणार? नळाखाली एवढासा माइक, त्यावर फडकं. मला वाटलं गळतंय म्हणून बोळा लावलाय कुणी… म्हणतो, महिनाभर ऐकत होतो, थेंबाची लय बदलत होती. अरे, नळाला लय असते हे सांगायचं ना आधी! मग मीही मोठ्या मनानं म्हणालो, 'नळ काय, अजून शंभर गळतील.' तर त्याला ते झोंबलं… तो मला 'बहिरा' म्हणाला ते नाही आठवत तुला? वर आणि 'तुला टपाल वाटता आलं, कधी ऐकता आलं नाही' असंही म्हणाला. मग मी म्हटलं, घाल भिंत. मला वाटलं नाही घालणार. त्याला वाटलं मी थांबवीन. आणि सुतार पडला तत्पर. असा एक सुतार दाखव मला जो सांगितल्या दिवशी येतो. नेमका हाच आला.

थांब… ताई, पट्टी थांबली. सरकत नाहीये. विचार त्याला काय झालं… बंद पडला? आपोआप? हात लाव म्हणावं पेटीला. गरम?… पंखा? कसला पंखा नाही?… अगं काय ऐकतोय मी! कम्प्युटरच्या पोटातला पंखा काढून टाकलाय? घूंघूं करायचा म्हणून? रेकॉर्डिंगमध्ये यायचा म्हणून?… आणि इतकी वर्षं तो तसाच… मग गरम झाला की पाऊण तासात झोपतो. ह्याला वाटतं, वय झालं. अरे, नाक दाबल्यावर दुसरं काय होणार?

ऐक, ऐक माझं. झाकण उघडून ठेवायला सांग. माझा टेबलफॅन देतो त्याला… भोकातून जाणार नाही, हो, खरंच. त्याचा स्वतःचा कुठंय? खोक्यात भरला? सगळीच खोकी बांधून झाली?… मग पुठ्ठा आहे का विचार, खोक्याचं एखादं झाकण… आहे? त्यानं वारा घाल म्हणावं. हो, हातानं. सुरू कर आणि वारा घाल… 

झाला सुरू. शांत… एच… ता. हां, बरोबर एकच. उघडलं. जिथं थांबलं होतं तिथूनच चाललंय… फडफड ऐकू येतेय मला. घालतोय वारा… हसू नकोस ताई. माणूस खरोखर कम्प्युटरला वारा घालतोय. वडील आजारी असताना तोच घालायचा असा, आठवतं? मी औषध आणायला धावायचो आणि तो वारा घालायचा…

सांग त्याला, हात बदल म्हणावं. एकाच हातानं किती घालशील. आणि इतक्या जोरात नको, दम लागेल… मी नाही सांगणार, तू सांग. सांगितलंस? काय म्हणाला?… 'पट्टी कुठवर आली ते बघ म्हणावं, माझ्या हाताचं बघू नको.' तसाच आहे. तसूभर बदलला नाही.

आली, आली. शेवटचं टोक राहिलंय… फडफड हळू झाली बघ. सांग त्याला, आता पाचच मिनिटं. दहा सांगू नकोस… ताई, खोकतोय तो. थांबव म्हणावं, राहिलं तर राहिलं. सगळं नाही आलं तरी… नाही, थांबत नाहीये… 

झालं! झालं ताई. 'पूर्ण' असं लिहून आलं. सगळे आवाज इकडे आले.

वाजवून बघू? खात्री करायला? बघतो… हे 'आई'. थांब, रिसीव्हर कम्प्युटरच्या तोंडाशी धरतो, तुलाही ऐकू येईल… 

ऐकलंस?… शिंकली. दोनदा. आणि पाठोपाठ 'अगं बाई'… अगदी तश्शीच… ताई, शिंकेवर रडतात का कुणी?… मी कुठं रडतोय? भिंतीपाशी धूळ आहे.

हे वडिलांच्या चाव्या. जुडगा… बरोबर, आधी पाकीट, मग चाव्या, मग खाकरणं. हे दाराची कडी. हे तू! 'मी नाही धुणार भांडी' म्हणतेयस. ठेवू की पुसू?… ठेवतो.

हे काय… 'नळ'. तोच. भिंतीच्या आधीचा… ऐक. टप… टप. कबूल करतो, लय आहे. थोडीशी आहे… आणि हे बघ, पान्याचा आवाज. कर्र. आणि कुणीतरी शीळ घालतंय. मीच. काम चांगलं झालं की मी घालतो… आणि बंद. पुढे नुसती शांतता. त्यानं हे पुसलं नाही, ताई. ठेवलं. माझ्या शिळेसकट.

अजून एक आहे. सगळ्यात मोठं हेच आहे. 'भिंत' नाव आहे… माहीत नाही, भिंतीला कसला आवाज? लावतो… काही येत नाही… थांब, येतंय. दबकं आहे, गादीखालून आल्यासारखं. कुणीतरी खोकलं. भांडं पडलं… 'दूध संपलंय साहेब, माझ्याकडे काय बघता.'… 

ताई, हा मी आहे.

हो, मीच. इकडचा मी, तिकडून… पुढचं बघतो. हेही मीच. चहा ओततोय… हेही. वर्तमानपत्राशी भांडतोय… शीळ. एवढी बेसूर घालतो मी? कुणी सांगितलं कसं नाही… सगळं मीच आहे यात. हा माणूस इतके दिवस भिंतीला माइक लावून… 

थांब. बोलू नकोस. बारीक ऐक, माझ्या मागं काय वाजतंय… टप… टप… आलं ऐकू?… माझा नळ.

…

आहे, आहे मी फोनवर… पलीकडची फडफड थांबलीय, ती ऐकतोय.

काय म्हणालीस?… प्लंबरला?… नाही. नव्हतं सांगितलं. कधीच नव्हतं… वायसर आणला होता, ते मात्र खरं. आणला आणि मग मनात आलं, पलीकडे ऐकू जात असेल. जाऊ दे. गळू दे… 

ताई, सांग त्याला… असं सांग की… पोहोचले म्हणावं. सगळे आवाज नीट पोहोचले… का नाही सांगणार? तूच सांगतेस ना नेहमी… काय? अगं ठेवू नकोस! दोन्ही ठेवतेयस? दोन्ही कसे ठेवतेस, एक तरी ठे… मग त्याला कोण सांगणार? भाऊजी उठले तर उठू देत ना, ताई… हॅलो?… हॅलो?…

ठेवला.

…

काय?… हो. माझाही ठेवला तिनं. तुझाही?… हं.

…

येतंय ऐकू. आधीही येत होतं… 

तो पुठ्ठा ठेव आता खाली. झालं ना सगळं. आधी पाणी पी, घोट घोट… बस जरा… 

अं?… नाही रे, नाही करत नळ दुरुस्त. कशाला करू?… 

पण भिंतीतून काय घेत बसतोस? सगळं घुसमटलेलं येतंय. ट्रक उद्या आहे ना? मग आज आहे वेळ. माइक कुठल्या खोक्यात आहे?… मग सोड ते खोकं. घेऊन ये इकडे, जवळून घे… 

अरे, भोकातून काय देतोस! तू ये. दारानं ये. दार उघडंच आहे… आणि थांब, आधी हा रिसीव्हर ठेवतो जागेवर. याची टूंटूं यायची उगाच रेकॉर्डिंगमध्ये.